दाजी मोकळ्या हातानं आले

जगात कुठंही नवा फोन निघाला की त्याची खबर कंपनीच्या मालकाआधी आमच्या दाजींना लागते, असं माझं ठाम मत आहे. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला राजुरीला, धंदा गाई आणि टोमॅटोचा, आणि जीव सगळा फोनमध्ये. टोमॅटोला बाजार मिळाला की माणसं घरावर मजला चढवतात; दाजी आळेफाट्याचं फोनचं दुकान गाठतात. बाजार पडला तरी गाठतात, तेवढंच मन रमतं म्हणून. तिकडे परदेशात नव्या फोनचा सोहळा चाललेला असतो आणि इकडे गोठ्यात दाजी हातातला फोन खांबाला टांगून, गाईची धार काढता काढता तो बघत असतात. इंग्रजीचं आणि त्यांचं शाळेपासूनचं वाकडं. पण "बोललेलं कशाला कळाया पायजे, राव? मागच्या पडद्यावर चित्रं दावत्यात की!" असं म्हणून ते धार सोडून टाळ्या वाजवतात. एकदा अशाच एका टाळीला कोपर लागून बादली कलंडली. ताई वाहत्या दुधाकडे बघत राहिली आणि दाजी तिला म्हणाले, "अगं, तिकडं काय बघती? कॅमेरा बघ, कॅमेरा!"

फोन घरी आला की परीक्षा सुरू. पाण्यात बुडाला तरी चालतो असं जाहिरातीत म्हटलं होतं, म्हणून दाजींनी तो गाईंच्या हौदात सोडला आणि ताईच्या फोनवरून त्याला रिंग दिली. नेमकं तेव्हाच एका गाईनं पाण्यात तोंड घातलं होतं. हौद आतून उजळला, थरथरला, गाणं म्हणू लागला. त्या गाईनं पुढं कितीतरी दिवस त्या हौदाकडे पाठच केली. तिला बादलीनं पाणी पाजावं लागलं. पण फोन चालला! दाजींनी तो सदऱ्याला पुसून साऱ्या आळीत फिरवला. लांबचं जवळ दाखवणारा फोन घेतला, त्या वर्षी एका लग्नात ते मांडवाच्या शेवटच्या रांगेत उभे राहून स्वयंपाकाच्या कढया बघत होते. "पावणं, बसून घ्या," ते माझ्या कानाशी लागले. (मेव्हणा म्हणून मी त्यांचा कायमचा पाहुणा.) "जिलबी न्हाई, बुंदी हाय. पन गरम हाय. वाफ दिसतीया."

दाजींचा जुना फोन ताईकडे जायचा, ताईचा माझ्या भाचीकडे, आणि भाचीचा नात्यात कुणाकुणाकडे. मला या रांगेत उभं राहण्याचं आमंत्रण नेहमीच असे, पण मी पडलो मंचरला नोकरी करणारा, जपून राहणारा माणूस. "दाजी, सगळे फोन सारखेच. बोलता आलं म्हणजे झालं," असं मी दरवर्षी ऐकवायचो. त्यावर ते माझा तडकलेला फोन दोन बोटांत धरून विचारायचे, "ह्याला काच हाय का जाळी?"

तर गेल्या वर्षी एका दुपारी ताईचा फोन आला.

"तू असशील तसा निघून ये. हे आळेफाट्यावरून मोकळ्या हातानं आले."

"दुकान बंद असेल."

"उघडं होतं! फोनही आला होता. हातात घेतला, बघितला आणि ठेवून आले."

"जेवले का?"

"जेवले. पण गप्प जेवले रे!"

मी पोचलो तेव्हा ताईनं त्यांची साखर तपासून घेतली होती, रक्तदाब मोजून घेतला होता. दोन्ही ठीक निघाल्यामुळे तिची काळजी आणखी वाढली होती. दाजी गोठ्यातल्या बाजेवर बसले होते.

"काय झालं, दाजी?"

"काय व्हयाचंय. नवा आन माझा, दोन्ही शेजारी ठिवले. मागनं सारखे, म्होरनं सारखे. दुकानदाराला इचारलं, ह्यात नवीन काय रं? तर म्हनला, रंग." त्यांनी हातातला फोन बाजेवर उपडा टाकला. "रंग, पावणं! बटनं जाऊन काच आली तवा मी रातभर जागा व्हतो. पयल्यांदा चेहरा बघून फोन उघडला, तवा मी त्याला नमस्कार केल्ता. आन आता रंग. संपलं राव समदं."

इतकी वर्षं मी जे सांगत होतो तेच दाजी बोलत होते. मला बरं वाटायला हवं होतं. पण तसं खांदे पाडून बसलेले दाजी मला बघवेनात, आणि मी स्वतःलाच बोलताना ऐकलं, "बॅटरी जास्त चालते म्हणे. फोटोही अंधारात चांगले येतात म्हणे." दाजींनी माझ्याकडे आजाऱ्याच्या समाचाराला आलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

शेवटी ताईनंच उपाय काढला. "मावशींना कांदे पोचवायचेत. जा दोघं, जरा हवापालट होईल." दाजींची आई जाऊन बरीच वर्षं झाली, ही तिची धाकटी बहीण, जुन्नर ओलांडून पश्चिमेच्या डोंगरात दिलेली. गुडघे गेल्यापासून ती खाली राजुरीला आलेली नव्हती. वाटभर दाजी खिडकीतून भातखाचरं बघत राहिले. मी एकदा फोनचा विषय काढला, त्यांनी कांद्याचा काढला.

मावशीच्या अंगणात पोचलो आणि तिची सून उत्साहानं म्हणाली, "भाऊ, आमच्याकडं टॉवर चालू झाला!" दाजींनी सवयीनं फोन काढला. रेंज होती. त्यांनी सहज ताईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन मावशीसमोर धरला. मावशी आधी फोनकडे, मग फोनच्या मागं बघू लागली. तेवढ्यात पडद्यावर ताईच्या मागून तिचे सासरे, म्हणजे दाजींचे वडील, चालत गेले, आणि मावशीनं झटकन डोक्यावर पदर ओढला.

"मेल्या, मेव्हणं हायेत म्हून आधी सांगायचं न्हाई व्हय!"

मग मात्र ती थांबेना. "गाय दाव. ही न्हवं, पांढरी. टमाट्याचा प्लॉट दाव. तुझ्या सासूनं लावलेल्या तुळशीला पानी न्हाई का कुनी घालत? जरा डावीकडं घे!" तिकडे ताई धापा टाकत मळाभर पळत होती आणि इकडे दाजी उड्या मारायचेच बाकी होते. "मावशे, ह्ये बघ, बोटानं असं केलं का मोठं दिसतं! आगं, आपला फोटूबी निघतो!" तिच्या प्रत्येक "अगं बया"ला दाजींचा चेहरा फुलत होता. निघताना त्यांनी आपल्या फोनमधलं सिमकार्ड काढून खिशात टाकलं, सुनेच्या बटणवाल्या फोनमधलं त्यात बसवलं आणि फोन मावशीच्या मांडीवर ठेवला.

डोंगर उतरताना ते म्हणाले, "पावणं, गाडी आळेफाट्याकडं घ्या. बिनफोनचा मानूस झालो ना मी." आणि जरा वेळानं, "रंग तसा झकास व्हता बरं का."

घरी ताईनं "ह्या बारीचा जुना माझा होता!" म्हणून भांडण काढलं. ते ऐकत ऐकतच दाजींनी नवा फोन सुरू केला आणि पहिला कॉल मावशीला लावला. आता तिच्यासमोर फोन धरायला कुणी नव्हतं. तिनं तो साध्या फोनसारखा कानाला लावला, आणि आमच्या पडद्यावर आला एक भला मोठा कान. सुरकुतलेला, सावळा, कुडीच्या वजनानं पाळी लोंबलेली. आतून आवाज येत होता, "पोचलास का रं? जेवलास का?"

मी म्हणालो, "दाजी, तिला फोन समोर धरायला सांगा ना."

त्यांनी मान हलवली. नजर पडद्यावरच होती.

"आईचा कान आस्साच व्हता," ते हळूच म्हणाले. "तिचा येकच फोटू हाय, त्यात पदर हाय. कान दिसत न्हाई."

मग त्यांनी फोन आणखी जवळ घेतला. "बोल मावशे. ऐकतोय मी."