पडवीतलं पोळं

सकाळी पडवीत गांधीलमाशी चावली आणि माझा डावा डोळा सुजून बंद झाला. उरलेल्या डोळ्याने मी टीव्हीवर कुठल्याशा दूरच्या देशाच्या राष्ट्राध्यक्षपदाच्या दोन उमेदवारांचा वाद पाहत होतो. एक म्हणाला, शत्रूने हल्ला करण्याआधी आपणच करायचा, कुणाला विचारत बसायचं नाही. दुसरा म्हणाला, आधी पुरावा पाहू, मित्रदेशांना विचारू, मग करू.

"हल्ला दोघांनाही करायचाच आहे," कांदा चिरता चिरता बायको म्हणाली.

मला पहिलाच आवडला. सुजलेल्या डोळ्याला पुरावा कशाला हवा? रागाला फक्त एक पत्ता लागतो, आणि तो पडवीच्या वाशाला लटकत होता. काठीला चिंधी गुंडाळली, रॉकेलमध्ये बुडवून पेटवली आणि पोळ्याखाली धरली.

"अहो, आधी बघा तरी, त्यात माश्या आहेत का!" ती आतून ओरडली.

बघत बसायला मी काय दुसरा उमेदवार होतो?

पोळं कागदासारखं भसकन पेटलं. एकही माशी उडाली नाही. जुनं, कधीचं रिकामं पोळं होतं ते. वासा मात्र काळा पडला.

डोळा ठणकतच होता आणि काठीवरची चिंधी अजून जळत होती. मी शेजाऱ्यांच्या पडवीकडे पाहू लागलो.