नऊ टोप्या आणि एक गाडी

"झ्यामा, तुला रागावून उपयोग नाही, हे चाळीस वर्षं शाळेत शिकवून मला कळलंय. तरी लिहिते. मे उजाडला, स्मशानातला चिखल वाळला, लाझरच्या कबरीपर्यंत आता जोडे न बुडवता जाता येतं. नदीवरचा एक चांगला खडा निवडून ठेवलाय. रविवारी ये, घेऊन जा आणि आपल्या रीतीप्रमाणे स्वतःच्या हातानं कबरीवर ठेव. का, ते विचारू नकोस. – फ्रीदा मार्कोव्हना."

प्रांताचा नवा आमदार झिनोवी अरोनोविच ब्रागिन्स्की, लहानपणचा झ्यामा, यानं आपल्या जुन्या रसायनशास्त्राच्या बाईंचं हे पत्र तीनदा वाचलं आणि खणात सारलं.

त्याचं सगळं राजकारण गरम पाण्याच्या नळांतून आलेलं. एका जानेवारीत घराघरांत गरम पाणी खेळवून ऊब देणारं गावाचं बॉयलरघर बंद पडलं, तेव्हा हा इंजिनियर तीन दिवस तिथून हलला नाही. लोकांनी त्याला नगरपालिकेत पाठवलं, पुढे उपनगराध्यक्ष केलं. रेडिएटरवर हात शेकत लोक म्हणायचे, "ज्यू असला तरी माणूस चांगला!" झिनोवी हसायचा. वीस वर्षं हसला.

प्रांताच्या निवडणुकीला पाच दिवस उरले असताना लाझर गुतकिन गेला. घड्याळं दुरुस्त करायचा. झिनोवीच्या पहिल्या निवडणुकीत दुकान बंद ठेवून दारोदार फिरला होता. दफनाच्या वेळी कादिशची प्रार्थना म्हणायला दहा ज्यू पुरुष लागतात. गावात उरले होते नऊ आणि झिनोवी. लाझरची बायको बास्या त्याच्या कचेरीत आली; ती त्याला अजून लाडानं झ्यामोच्का म्हणायची.

"झ्यामोच्का, दहावा तू. उद्या अकराला."

"मावशी, हे काय सांगायला हवं?"

बोलला ते अगदी मनापासून. पण सकाळी विरोधकांचं पत्रक दाराखालून आत आलं: 'हा नक्की कोणाचा माणूस?' बस, एवढंच. त्यानं ते घडी करून खिशात घातलं.

स्मशानाच्या फाटकाशी ड्रायव्हरनं गाडी थांबवली. कुंपणापलीकडे बर्फात नऊ टोप्या दिसत होत्या. फाटकात कॅमेरा घेऊन एक माणूस उभा होता.

"गेन्नादी, हा कोण रे?"

"फोटोवाला दिसतोय, साहेब. पेपरचा असेल."

"बॉयलरघराकडे घे."

"पण इथं उतरायचं होतं ना?"

"घे म्हटलं ना!"

गेन्नादीनं आरशातून एकदा बघितलं आणि रेडिओ लावला.

नऊ जण पाऊण तास थांबले. शेवटी बास्याच म्हणाली, "जा रे घरी, म्हातारी माणसं तुम्ही, पाय गारठतील." लाझर कादिशवाचून पुरला गेला.

झिनोवी निवडून आला. फ्रीदा मार्कोव्हना कचेरीत आल्या, बसल्यासुद्धा नाहीत.

"अभिनंदन. तो फोटोवाला बास्यानं बोलावला होता. इस्रायलात हैफाला असलेल्या मुलाला कबरीचा फोटो पाठवायचा होता तिला."

"बाई, मला वाटलं..."

"काय वाटलं ते ठाऊक आहे मला. वर्गात ज्यू म्हणून शिवी देणारा गैरहजर असला तरी तू मान खाली घालून बसायचास."

त्यानंतर त्याला जे येत होतं ते त्यानं केलं. स्मशानाचा रस्ता डांबरी केला, नवं कुंपण घातलं. कोणी बोट दाखवायला नको म्हणून आधी ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांच्या स्मशानाचं काम उरकलं, मग आपलं. पेपरात कौतुक छापून आलं. त्या डांबरी रस्त्यावर एकदा बास्या भेटली. तो गाडीतून उतरला.

"मावशी, कशी आहेस?"

"ठीक आहे, झिनोवी अरोनोविच," ती अदबीनं म्हणाली आणि बाजूला होऊन तिनं त्याला वाट दिली.

झ्यामोच्का म्हणाली असती, थोबाडीत मारली असती, तर बरं झालं असतं.

पत्रातल्या रविवारी बैठक निघाली. पुढच्या रविवारी त्यानंच काढली. बाईंनी पुन्हा लिहिलं नाही. आपल्या घराच्या गल्लीकडच्या खिडकीत, बशीत, त्यांनी खडा मांडून ठेवला. गाडी त्या गल्लीत वळली की झिनोवी गेन्नादीला घरच्यांची खुशाली विचारायला लागायचा. गल्ली संपेपर्यंत विचारत राहायचा.