खेमराजचा चढाव

खेमराजभाऊला कोणी ‘बिचारा’ म्हटलं की माझं डोकं फिरतं. गोंदियाच्या राईस मिलमधून तांदूळ भरून रायपूरकडे निघालेला त्याचा ट्रक देवरीला थांबला, की ढाब्यावरचे दुसरे ड्रायव्हर आपण होऊन खाट रिकामी करायचे. असा माणूस बिचारा कसा होईल? पण २००८ साली तो शब्द माझ्याही तोंडाशी येत होता, आणि मी तो गिळत होतो.

त्याच्या दोन वर्षं आधी, गोकुळाष्टमीला घरोघरी कान्होबा बसतो त्या दिवसांत, देवरीच्या पुढे जंगलातल्या चढावावर त्याचा ट्रक उलटला. तांदूळ रस्त्यावर सांडला, आणि खेमराजभाऊची कंबरेखालची बाजू कायमची गेली. मालकाने दुसरा ट्रक घेतला. खेमराजभाऊला दुसरं काय मिळणार होतं? खिडकीपाशी पलंग मिळाला. खिडकीतून हायवेच्या गाड्या ऐकू यायच्या, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याने खिडकी लावून घ्यायला सांगितली.

मग तो बोलेनासा झाला. आणि एक दिवस बोलला तो असा, की बायकोला म्हणाला, धानावर मारायचं औषध आणून दे. बायको म्हणजे दुर्पतावहिनी. तिच्या भावाने, उदारामने, त्याच दिवशी औषधाचा डबा घरातून उचलला आणि माझ्या दुकानात आणून ठेवला. माझं दुकान कॉम्प्युटर दुरुस्तीचं. तरी तो डबा कितीतरी महिने माझ्या टेबलाखाली होता. पाय लागला की मी खुर्ची मागे ओढायचो.

कॉम्प्युटरही उदारामनेच आणला, गोंदियाच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेतून. “गुलशन, याच्यात ट्रकचा खेळ टाकून दे गा,” तो म्हणाला. मी टाकून दिला. बटणापर्यंत खेमराजभाऊचा हात पोचावा म्हणून कॅबिनेट पलंगाशेजारच्या स्टुलावर आडवं ठेवलं, जाळीची बाजू वर. पहिल्या दिवशी त्याने नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाणाच्या बटणांवर बोटं ठेवली. तिसऱ्या दिवशी वहिनीला ओरडून म्हणाला, “चहात साखर काऊन नाई टाकली?” वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली. कितीतरी दिवसांत त्याला कशाचीच चव कळली नव्हती.

खेळात माल भरायचा, गाडी न्यायची, पोचवायची. बस, एवढंच. पण मधे एक लांब चढाव होता. थोडे दिवस बरे गेले, तो लहानसहान खेपा मारत होता. मग मोठी खेप घेतली, आणि नेमक्या त्या चढावावर पडदा काळा झाला. मशीन बंद. पुन्हा चालू केली, पुन्हा चढावावर बंद. खेमराजभाऊने बटणं सोडली आणि भिंतीकडे तोंड केलं.

“पाहिलं ना गुलशन? मशीनलेबी ठाऊक आहे, याचा माल पोचत नाई.”

“मशीनले काहीच ठाऊक नसते भाऊ. मशीन बुद्दू असते. मी आहो ना,” मी म्हटलं. मोठ्या तोऱ्यात म्हटलं. पुढे ते मला फार जड गेलं.

विंडोज पुसून नव्याने टाकलं. खेळ दुसऱ्या सीडीवरून टाकला. गावाकडची वीज कमी दाबाची, म्हणून स्टॅबिलायझर लावला. गाणी दिवसभर वाजत, खेळ सुरू केला की चढावावर राम राम! शेवटी मशीन मोटरसायकलवर उभी बांधून दुकानात आणली. सवयीप्रमाणे आधी बाहेर ओट्यावर ब्लोअर मारला. धूळ उडाली, चार तांदूळ उडाले. आमच्या भागात काहीही उलटं केलं की तांदूळ पडतात, कीबोर्डमधून, रेडिओमधून, पोराच्या दप्तरातून. उंदरांची कृपा. मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. पॉवर सप्लाय बदलला, रॅम बदलली, आणि दुकानात खेळ लावला. चढाव पार, माल पोचला! मी एकटाच टाळ्या पिटल्या.

घरी नेली. पाचसहा दिवसांत पुन्हा काळा पडदा.

हे तीनदा झालं. दुकानात शहाणी, घरी वेडी. मी विजेच्या तारा बदलल्या, दुकानाचा मॉनिटर नेऊन लावला, गणपतीला नारळ बोललो. तिसऱ्या वेळी खेमराजभाऊ ओरडला नाही, रडलाही नाही. शांतपणे म्हणाला, “नेऊन टाक गा हे डबडं. मले त्या चढावावर रोज रोज कायले मारून राहिला?” त्या दिवशी त्याने जेवण परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही परत पाठवलं. वहिनीने खिडकी उघडली, तर त्याने पुन्हा लावायला सांगितली. उदाराम दुकानात आला, टेबलाखाली वाकून डबा जागेवर आहे ना ते पाहून गेला. मला सुचेना, मला झोप येईना, आणि राग यायचा तो सगळ्यांवर यायचा.

लोडशेडिंगची वीज जायच्या आधी एकदा शेवटचं पाहू म्हणून मी भल्या सकाळी, न सांगता, त्यांच्याकडे गेलो. दार लोटलेलं होतं. खेमराजभाऊ झोपला होता. वहिनी नुकतीच न्हाऊन आलेली, हातात थाळी. तिने मॉनिटरला कुंकू लावलं, हात जोडले, आणि मूठभर अक्षता कॅबिनेटवर वाहिल्या. वरच्या जाळीवर. लालभडक ओले तांदूळ जाळीतून आत पडताना टपटप वाजले.

माझ्या तोंडात शिवी आली होती, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात वहिनी पुटपुटली, “आज तरी पोचू दे बापा. तवा मी नव्हती. आता मी आहो ना.”

मी दारातच गार झालो. खेमराजभाऊची प्रत्येक खेप सुटताना वहिनी ट्रकला कुंकू लावायची आणि इंजिनावर अक्षता टाकायची. ड्रायव्हरच्या घरात हे चुकत नाही. गाडी उलटली त्या खेपेला मात्र ती कान्होबाला माहेरी गेली होती. दोन वर्षं ही बाई ते एकटीच छातीवर घेऊन जगत होती. मशीन बंद पडायला लागल्यावर तिने मूठ मोठी केली होती.

ती गोठ्यात गेल्यावर मी कॅबिनेट उघडलं. पंख्याच्या पात्यांत तांदूळ, त्याखालच्या, मशीन गार ठेवणाऱ्या पट्ट्यांत चिकटलेले तांदूळ. बटण दाबून पाहिलं, तर पंखा कसाबसा फिरत होता. गाण्यांपुरता पुरायचा, खेळात मशीन तापली की हात टेकायचा. सगळे दाणे लाल. उंदीर तांदळाला कुंकू लावत नाही.

खेमराजभाऊ जागा झाला होता. मी दाणे त्याच्या तळहातावर ठेवले आणि पाहिलेलं, ऐकलेलं सगळं सांगितलं. त्याने एक दाणा बोटांत चुरडला.

“ती तवाचं अजून धरून बसली?” तो म्हणाला. “चूक माही होती गा. माहा डोळा लागला होता.” आणि माझं मनगट घट्ट धरून म्हणाला, “मशीनमंदी का सापडलं ते तिले सांगजो नोको. तिच्या हातानं बंद पडत होती हे समजलं, तर मरून जाईल ते.”

मी मशीन साफ केली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. वहिनी थाळी घेऊन आली, मला पाहून थबकली, तरी मशीनकडे वळली.

“दुर्पता,” खेमराजभाऊने हाक मारली. “गाडीले कायले लावतं? गाडी का आपली आपण चालते? ड्रायव्हरले लाव.”

वहिनी थाळी घेऊन त्याच्याकडे वळली. तो पुढे म्हणाला, “त्या दिवशी मले झोप लागली होती. तू असती तरी लागली असती. इकडं ये.”

तिने त्याच्या कपाळाला कुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि पलंगाच्या कडेला बसून लहान पोरीसारखी हुंदके देत रडली. त्याने तिला रडू दिलं. एक हात तिच्या पाठीवर ठेवला, दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

चढाव आला. पंखा घूं घूं करत होता. गाडी हळूहळू वर चढली आणि पलीकडे उतरली. गावात पोचल्यावर पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. खेमराजभाऊला ती वाचता येत नव्हती.

“का लिहिलं गा?”

“माल पोचला,” मी म्हटलं.

त्याने वहिनीकडे पाहिलं. केसांतले तांदूळ त्याने झटकले नव्हते. “ऐकलं का वं? पोचला,” तो म्हणाला. “आता ते खिडकी उघड.”