काम सुरू होण्याआधीच अडलेलं पाणी

मित्रांनो, आज साइटवर एका शेतकऱ्याने मला एक साधा प्रश्न विचारला.

मी रस्त्याच्या ठेकेदाराकडे इंजिनीअर आहे. इटियाडोह धरणाच्या कालव्याचं पाणी आमच्या रस्त्याखालच्या जुन्या पाइपातून पलीकडच्या धानाच्या शेतात जायचं. करारात लिहिलंय, काम सुरू होण्याआधी जुना पाइप काढा. आम्ही काढला आणि खड्ड्यात मुरूम भरला. मग त्याजागी रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या नव्या मोरीचं ड्रॉइंग मंजुरीत अडकलं.

आज कालव्याला पाणी सुटलं आणि रस्त्याशी येऊन थांबलं.

पलीकडचे शेतकरी शामरावभाऊ म्हणाले, "काम सुरूच नाही झाला, त पाइप कायले काढला जी? माहा धानाचा रोवणा अडून राहिला ना."

मी ठेकेदारांना फोन केला, तात्पुरता पाइप टाकू म्हटलं. ते म्हणाले, "पानी की व्यवस्था काम शुरू होने के बाद देनी है. अपना काम शुरू हुआ क्या?"

करार उघडून पाहिला. ते बरोबर होते, याचाच जास्त राग आला. तयारीच्या काळात काय काय तोडायचं ते सगळं लिहिलंय, लोकांची सोय कुणी करायची ते कुठेच नाही.

संध्याकाळी शामरावभाऊ फावड्याने तो मुरूम उकरून पाण्यासाठी रस्त्यात आडवा चर पाडत होते. त्यांना अडवणं माझी ड्युटी होती. मी अडवलं नाही. काम तर अजून सुरूच झालेलं नाही.

चराच्या दोन्ही बाजूंना दगड लावून घरी आलोय. पण अंधारात एखादी मोटरसायकल त्यात गेली, तर ती कोणत्या कलमात बसेल?

तुम्ही असता तर शामरावभाऊंना अडवलं असतं का?