घोरपड आणि अळंबी

कुजक्या लाकडाचा ओला वास आला की बहात्तरच्या दुष्काळातला पारनेरकडचा आमचा कोरडा ओढा आठवतो. विहीर आटली होती, दुसऱ्या दिवशी गाव सोडायचं होतं. ओढ्यात सासऱ्यांना बिळात शिरणारी घोरपड दिसली. “घोरपड हाय म्हंजी खाली पानी हाय,” ते म्हणाले. सासूबाईंनी मात्र जांभळाच्या मेलेल्या खोडावरची मऊ, पांढरी अळंबी बोटानं दाबून पाहिली. “घोरपड पोटामागं कुटंबी फिरती. हिला पाय न्हाईत. ओल आसंल तितंच ही उगवती.” सासरे हसले, पण कुदळ त्यांनी खोडाजवळच मारली. तिन्हीसांजेला खड्ड्यात गढूळ पाणी झिरपलं. निवळल्यावर पहिली ओंजळ सासूबाईंनी मला पाजली, कारण मी तेव्हा पोटुशी होते. आमचं बिऱ्हाड हललं नाही. लेक त्याच घरात जन्मली आणि आज माझ्याशेजारी बसून हे ऐकतेय.