ओढ्यापलीकडचं दळण

मला गाता येत नाही आणि गाण्यातलं फारसं कळतही नाही. मोजता मात्र येतं. म्हणून इथे जे लिहितो आहे ते बहुतेक मोजलेलंच आहे, आणि मोजणं जिथे चुकलं तेही लिहितो आहे.

मी तेव्हा एकोणतीस वर्षांचा होतो. आमचं गाव मार्गासनीहून वेल्ह्याला जाणाऱ्या वाटेवर. जमिनीच्या उताऱ्यासाठी मी भोरला गेलो आणि काम लांबलं म्हणून सहा दिवस राहिलो. माघ संपत आला होता. परत आलो त्या संध्याकाळी माझी तीन वर्षांची मुलगी गावाच्या तोंडापर्यंत पळत आली. मी तिला खांद्यावर बसवून घरी नेलं. वाटभर ती माझ्या कानाशी काहीतरी सांगत होती. दुसऱ्या दिवशी मला ताप भरला आणि चौथ्या दिवशी अंगावर देवी उठल्या.

ओढ्यापलीकडे आमच्या खळ्यावर गवताची खोप होती. खपल्या गळून पडेपर्यंत मी तिथे राहायचं ठरलं. घरापासून ओढा दोनशे दहा पावलं, ओढ्यापासून खोप साठ. ही पावलं मी आजारी पडण्याआधीच कधीतरी मोजून ठेवलेली होती. वरच्या धनगरवाड्यातले एक म्हातारे भाकरी आणि पाणी आणून द्यायचे. त्यांना लहानपणीच देवी येऊन गेलेल्या, तोंडभर वण होते, त्यामुळे त्यांना भीती नव्हती. मी त्यांना बाबा म्हणत असे.

मला स्वतःची काळजी फार वाटत नव्हती. मुलीला देवीची लस टोचली होती, पण दंडावर फोड उठलाच नव्हता, म्हणजे ती लागली नव्हती. टोचायला आलेल्या माणसाने पुढच्या वर्षी पुन्हा टोचू म्हणून सांगितलं होतं. त्यानेच एक गोष्ट सांगितली होती, की लागण झालेल्याला बारा-चौदा दिवसांत ताप चढतो. मी तिला खांद्यावर घेतलं त्या संध्याकाळपासून दिवस मोजायला लागलो.

खोपीत गेल्यावर दोन दिवसांनी माझे डोळे सुजून चिकटले. सहा दिवस मला काही दिसलं नाही. अंग जडही वाटायचं आणि हलकंही, ओल्या गोधडीत गुंडाळून कुणी पाण्यावर सोडून दिल्यासारखं. दिवस कोणता, रात्र कोणती, हे उन्हाच्या उबेवरून ठरवायचं. त्यात एकच गोष्ट नेमाने यायची. पहाटे आमच्या घरचं जातं सुरू व्हायचं. घरघर इतक्या लांब पोहोचत नसे, पण बायकोचा आवाज यायचा. थंड हवेत तो ओढ्यावरच्या धुक्यासारखा सरकत सरकत येई आणि माझ्या उशाशी थांबे. शब्द सगळे कळत नसत. चाल कळायची, आणि चालीवरून कळायचं की आता देवांच्या ओव्या चालल्या आहेत, आता माहेर आलं, आता भाऊ, आता रान. शेवटची ओवी नेहमी मुलीची.

आमच्याकडे घरात देवी आल्या की जातं फिरवत नाहीत. फोडणी बंद, तळण बंद, दळण बंद. माझा आजार ओढ्यापलीकडे होता म्हणून घरचं जातं चालू होतं. म्हणजे जोवर ओव्या ऐकू येताहेत, तोवर मुलगी बरी. इतकं सोपं गणित होतं ते. त्या आवाजावर मी दिवस काढत होतो.

बाबांकडून मी एक ओंजळभर चिंचोके मागवून घेतले. एक ओवी झाली की एक चिंचोका डाव्या हाताच्या ढिगातून उजवीकडे. आंधळ्याला हा उद्योग चांगला. रोजचा क्रम माझ्या डोक्यात पक्का बसला: देवांच्या अकरा, डोंगराच्या चार, माहेराच्या सोळा, असं पुढे. दुपारी ताप वाढला की मी त्याच क्रमाने त्या ओव्या मनात पुन्हा लावायचो. कधी माहेर आधी घ्यायचो, कधी नुसतं रानच तीनदा. मग झोप लागायची, आणि झोपेत ती चाल पाण्यासारखी वाहत राहायची, मी तिच्यावरून वेल्ह्याच्या डोंगरापर्यंत जाऊन यायचो.

पुढे पुढे माझी हिंमत वाढली. मी बाबांना म्हणालो, "तिला सांगा, उद्या माहेराच्या आधी रानाच्या म्हण."

"वाजंत्र्याला सांगावं तसं सांगतुयास की," ते म्हणाले. "आनि तुझी आई बसलीया जात्याच्या दुसऱ्या अंगाला. तिच्यापुढं सांगू व्हय म्या, की तुझ्या नवऱ्याला रानाच्या ओव्या पायजेत?"

"सांगा कसंही."

"बरं. भाकर खा आधी."

दुसऱ्या दिवशी देवांनंतर डोंगर आणि डोंगरानंतर लगेच रान आलं. मी अंधारात एकटाच हसलो. ओठांवरच्या खपल्या ताणल्या, दुखलं.

पण हिशेब जुळत नव्हता. आमचं जातं एका शेराला वीस ओव्या घेतं, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. घरात आई, बायको, मुलगी, आणि मला जाणारी भाकरी. दोन शेर नाचणी फार झाली. म्हणजे चाळीस ओव्या. आणि माझे चिंचोके सत्तरवर जात होते. दीड शेराचं दळण जास्त कुणासाठी?

"बाबा, घरी पाव्हणं आलंय का?"

"न्हाई."

"मग दळण वाढलंय कशानं?"

"मला काय ठावं. म्या मेंढरं मोजतो, ओव्या न्हाई."

त्यांनी इतक्या चटकन उत्तर दिलं की मला शंका आली. पाहुणे आले आहेत आणि मला सांगत नाहीत. पाहुणे उगीच येत नाहीत, काही झालं की येतात. पण काही झालं असतं तर जातं थांबलं असतं. मी दोन्ही बाजूंनी विचार करायचो आणि दोन्ही बाजू तितक्याच खऱ्या वाटायच्या.

तेराव्या दिवशी पहाटे मी चिंचोके हातात घेऊन बसलो. डोळे आदल्या दिवशीच थोडे उघडले होते, फटीतून करडं दिसत होतं. ओवी आली नाही. वारा उलटा असेल म्हणून कान दिले. गावातल्या दुसऱ्या घरातून एका बाईचा आवाज बारीक येत होता, कोंबडा आरवत होता. वारा नव्हता. फक्त आमचं घर गप्प होतं.

तेरावा दिवस. बारा आणि चौदाच्या बरोबर मधला.

मी घोंगडी पांघरून बाहेर पडलो. साठ पावलांना मला किती वेळ लागला ते सांगता येत नाही. मोजलं नाही. ओढ्याशी पोचलो तेव्हा पलीकडच्या दरडीवरून बाबा भाकरीचं फडकं घेऊन उतरत होते.

"थांब," ते म्हणाले. "पाण्यात पाय घालू नगंस. खालच्या अंगाला बाया पानी भरत्यात."

"जातं का थांबलंय?"

"खाली बस आधी. पडशील."

"बाबा, पोरीला ताप आलाय का?"

"पोरगी गूळ मागत रडतीया. तापाची पोर गूळ मागती व्हय?" ते एका दगडावर बसले. "जात्याला टाकी लावायला वडारीन बसलीया. काल सांजच्यालाच वरची पाळी उचलून अंगनात ठिवलीया."

मला ते पटलं नाही. छिन्नीने जात्याच्या दगडाला नव्याने टोचे पाडायचे म्हणजे टाकी लावायची. आमच्या जात्याला ती दिवाळीत लावली होती, आणि ती पावसाळ्यापर्यंत पुरते. दर वर्षी पुरते.

"दिवाळीत लावलीय टाकी," मी म्हणालो. "दोन शेराच्या दळणानं दगड इतक्यात बोथट होत नाही. खोटं सांगू नका."

म्हाताऱ्यांनी हातातलं फडकं मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, "दोन शेर कुठलं? शेजारच्या दोन घरांचं दळन आनती तुझी बायकू. रोज. त्या बाया म्हनत्यात, आमचं आमी दळू. ही आईकत न्हाई."

"कशाला?"

"घरचं दळन चाळीस ओव्यांत उरकतं म्हनं. तेवढ्यात तू जागा हुतोस न् हुतोस, तवर संपतं. रिकामं जातं फिरवू नये, मग दानं नकोत का?" त्यांनी ओढा ओलांडून फडकं माझ्या हातात दिलं. "मला बजावलंवतं, त्यास्नी सांगू नका, हिशेब करत बसतील. सांगितलं आता. तिला म्हनू नगंस."

मी तिथेच ओल्या वाळूवर बसून भाकरी खाल्ली. थोड्या वेळाने कान लावला तर घराकडून छिन्नीचा टकटक आवाज येत होता. आधीही येत असेल. मला ऐकू आला नव्हता.

तरी त्या रात्री झोप नीट लागली नाही. म्हातारा माणूस दया येऊनही काही सांगेल, असं वाटत राहिलं. पहाटे मी चिंचोके घेऊन बसलो, आणि आवाज आला. टाकी लावलेलं जातं भराभर दळतं, शेराला तेरा-चौदा ओव्यांतच दाणा संपतो. त्या हिशेबाने ओव्या पन्नासच्या आत संपायला हव्या होत्या. पण देव झाले, डोंगर झाले, रान झालं, माहेर झालं, भाऊ झाला, आणि ती थांबेना. आणखी एखाद्या घरचं दळण आणलं असणार. साठाच्या पुढे कधीतरी माझ्या हातातले चिंचोके घोंगडीवर सांडले आणि मी ते गोळा केले नाहीत. ओढ्यावर उजाडत होतं. शेवटी मुलीची ओवी आली, त्या दिवशी ती दोनदा म्हटली.

चौदावा, पंधरावा, सोळावाही दिवस गेला. मुलीला काही झालं नाही.

सत्ताविसाव्या दिवशी कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ करून मी घरी गेलो. मुलगी माझं तोंड पाहून आधी तिच्या आईमागे लपली. बायकोने भाकरी वाढली. तिच्या उजव्या तळहातावर जात्याच्या खुंट्याचे तीन घट्टे पडले होते, ते मी पाहिले.

"मोजत हुता म्हनं," ती खाली बघत म्हणाली.

"हो."

"किती झाल्या सगळ्या?"

"शेवटच्या दिवसांच्या राहिल्या मोजायच्या."

"बरं झालं," ती म्हणाली आणि दुसरी भाकरी टाकायला वळली. मुलगी तिच्या पदराआडून पुढे आली आणि माझ्या गालावरच्या वणांवर एकेक बोट ठेवत मोजायला लागली. तिला तेव्हा पाचापर्यंतच येत होतं. पाच झाले की ती पुन्हा एकपासून सुरू करत होती.