कळलावीच्या अळ्या

मसुऱ्याच्या शाळेतले हरिश्चंद्र मास्तर आणि त्यांची बायको कावेरी, घरात दोघंच. मूल झालं नाही. शाळा सुटली की मास्तर परसात कुंपणापाशी जाऊन बसत. तिथे कळलावीचा वेल होता.

पावसाळ्यात त्या वेलावर अळ्या येत. काळ्या, अंगभर पांढरे ठिपके, मधूनच तांबडे. पानं संपवून त्या मातीत शिरत आणि पुढच्या पावसात पतंग होऊन वर येत. काळ्या पंखांवर लाल-पिवळी नक्षी. मास्तरांनी त्यांना भोपळ्याची, जास्वंदीची पानं घालून पाहिली होती. अळ्या त्यांच्यावरून नुसत्या चालत जात. कळलावी नाहीतर तिच्या गोतातली लिली, एवढंच त्यांना चाले. कोंबड्या त्यांना चोच लावत नसत. वेलाचं विष त्यांच्या अंगात मुरतं, असं मास्तर म्हणत.

कावेरीला तो वेल नको होता. "अहो, काढून टाका तो. इखारी आसा."

"रवांदे गो. ह्या किड्यांका दुसरा काय चलना नाय. उपाशी मरतले."

पुढेपुढे तीही संध्याकाळी अळ्या बघायला येऊन बसू लागली.

१९५८ च्या थंडीत कुंपणाकडेची कणगी, रताळ्यासारखे उकडून खायचे कंद, काढायची झाली. कळलावी तोवर वाळून गेली होती, जमिनीवर तिचं नावनिशाण नव्हतं. खाली मात्र तिचे कंद कणगीच्या वाफ्यात पसरले होते. शाळेत जायच्या घाईत मास्तरांनीच खणलं आणि सगळं एका टोपलीत टाकलं. नवऱ्याने काढलेले कंद म्हणून कावेरीने संशय घेतला नाही. सोलून उकडले आणि दुपारी एकटीच जेवली.

मास्तर घरी आले तेव्हा ती ओकून ओकून पडवीत पडली होती. बैलगाडीने मालवणला नेलं. डॉक्टरांनी उरलेला तुकडा पाहिला आणि मान हलवली. त्या आठवड्यातच ती गेली. शेवटी शुद्धीत होती. म्हणाली, "माका लय तहान लागली हा." त्यावर मास्तरांनी पाणी दिलं, तेही तिच्या पोटात ठरलं नाही.

पाऊस पडला, तसा वेल पुन्हा फुटला आणि पानांवर अळ्या दिसू लागल्या. एका सकाळी मास्तरांनी कुदळ घेतली आणि कुंपणाची कड पार उलथून टाकली. कंद वेचून दगडाने ठेचले. कावेरीचा भाऊ सत्यवान तेवढ्यात आला.

"भावोजी, आता उपटून काय उपेग?"

मास्तर खणतच राहिले.

अळ्या दगडी गडग्यावर, पायरीवर, घरात भिंतीवर फिरू लागल्या. पान शोधत होत्या. मास्तरांनी एक तळहातावर घेतली. ती बोटांच्या टोकापर्यंत जाई, डोकं उचलून हवेत चाचपडे, पुन्हा मागे फिरे. काही दिवसांनी पायरीवर मुंग्यांची रांग लागली. वेल गेला, किडे गेले, तरी मास्तरांना कणभर हलकं वाटलं नाही.

त्यांनी बदली मागून घेतली. बांद्याला बाजारात, दुकानाच्या माडीवर एक खोली घेतली. परस नाही, अंगण नाही. खाणावळीत जेवत. पुढे कित्येक वर्षं सत्यवान दरवर्षी भेटायला जाई आणि विचारी, "कसे आसास?"

"आसंय," मास्तर म्हणत, आणि खिडकीतून खाली रस्त्याकडे बघत बसत.